बुडवून ठेवलेलं कासव

जहाज बुडालं म्हटलं की वादळ, खडक, कप्तानाची चूक असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्जच्या तळाशी जे लाकडी जहाज बसलंय त्याच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. ते बांधणाऱ्यांनीच मुद्दाम, दगड भरून बुडवलं. वसंत ऋतू आला की वर काढायचं, असा बेत होता. तो वसंत आला तेव्हा ते हाती लागलं नाही आणि पुढची २३१ वर्षं कोणाला दिसलं नाही. त्याचं नाव लँड टॉर्टॉइस, म्हणजे जमिनीवरचं कासव. उत्तर अमेरिकेतली सर्वांत जुनी अखंड युद्धनौका म्हणून आज त्याची ओळख आहे, पण त्या देशातसुद्धा हे नाव ठाऊक असलेली माणसं थोडी.

सरोवर फार मोठं नाही. लांबी सुमारे ५१ किलोमीटर, रुंदी बहुतेक ठिकाणी दोन-चार किलोमीटर, सर्वांत खोल जागा साधारण ६० मीटर. दोन्ही बाजूंना डोंगर आणि मधे पाण्याचा लांबट पट्टा. पाणी उत्तरेकडे वाहतं आणि तिकोंडेरोगाजवळ उतरून लेक शॅम्प्लेनला मिळतं. अठराव्या शतकात या डोंगराळ जंगलात रस्ते जवळजवळ नव्हते. कॅनडातल्या फ्रेंचांना दक्षिणेकडे यायचं असो की ब्रिटिशांना उत्तरेकडे जायचं असो, तोफा आणि पिठाची पिंपं घेऊन जायला वाट हीच, पाण्याची. ज्याच्या ताब्यात होड्या, त्याच्या ताब्यात सरोवर.

साल १७५८. मराठी वाचकाला हे साल अटकेमुळे आठवतं; मराठी फौजा अटकेपर्यंत पोचल्या त्या याच वर्षी. त्याच सुमारास ब्रिटिश आणि फ्रेंच सातवर्षीय युद्धात जगभर भिडले होते. त्या युद्धाचं एक टोक आपल्याकडे कर्नाटकात आणि मद्रासच्या तटाखाली होतं, दुसरं या सरोवरावर. जुलै १७५८ मध्ये ब्रिटिश जनरल जेम्स ॲबरक्रॉम्बी पंधरा हजारांहून जास्त माणसं घेऊन दक्षिण टोकाहून निघाला. सोबत सुमारे ९०० बातो आणि १३५ व्हेलबोटी, म्हणजे वल्ह्यांच्या हलक्या, वेगवान होड्या. बातो म्हणजे सपाट तळाची, दोन्ही टोकांना निमुळती होडी. लांबी साधारण ३० फूट, तळाच्या आणि बाजूच्या फळ्या पाइनच्या, बरगड्या ओकच्या. बांधायला स्वस्त, पटकन होणारी, उथळ पाण्यातही चालणारी. ८ जुलैला या सैन्याने उत्तरेकडच्या कॅरिलॉन किल्ल्यावर थेट हल्ला चढवला. आत फ्रेंच सेनापती मॉन्तकामची माणसं चार हजारांच्या आत होती, पण पाडलेल्या झाडांच्या टोकदार फांद्यांचा आडोसा त्यांनी उभा केला होता. ब्रिटिशांची दोन हजारांच्या जवळपास माणसं मेली किंवा जखमी झाली आणि उरलेली फौज होड्यांतून परत दक्षिण टोकाला आली.

या पराभवानंतर, शरद ऋतूत, कासवाचा जन्म झाला. पुढच्या मोहिमेत सरोवरावर तोफा घेऊन फिरणारं काहीतरी हवं होतं. न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावरून आलेला सॅम्युएल कॉब हा जहाजबांधणीतला जाणता माणूस कामाला लागला. त्याने बांधला तो राडो, म्हणजे तोफा वाहणारा एक प्रकारचा तराफा. मला विचाराल तर त्याला तरता बुरूज म्हणणं जास्त बरोबर. लांबी ५२ फूट, रुंदी १८ फूट. तळ सपाट. वरून पाहिलं तर नेहमीच्या जहाजासारखा गोलसर आकार नाही, सरळ फळ्यांचे कोन करून जोडलेल्या सात बाजू. लाकूड वाफवून वाकवायला लागणारा वेळ आणि सरंजाम जंगलातल्या छावणीत कुठून येणार? कोन केले की सरळ फळी तशीच ठोकता येते. बाजूच्या भिंती तळापासून आधी बाहेर झुकतात आणि मग कोपरासारखं वळण घेऊन आत, माणसांच्या डोक्यांवर येतात. याचं कारण सरोवराच्या काठांत आहे. काठ उंच आणि झाडीचे. वरून बंदुकीची गोळी आली तर साध्या उभ्या कठड्यामागचा माणूस उघडाच राहतो; आत झुकलेल्या भिंतीखाली तो झाकला जातो. शिवाय शत्रूची होडी येऊन भिडली तरी अशा भिंतीवर चढून आत उडी मारणं अवघड. या भिंतींत तोफांसाठी सात झरोके आणि त्यांच्या जोडीने लांब वल्ह्यांसाठी भोकं ठेवलेली. आत झुकलेली पाठ आणि बाहेर आलेली वल्ही पाहिली की नाव कसं पडलं ते सांगावं लागत नाही.

तोवर ऑक्टोबर उजाडला होता आणि खरी अडचण पुढे होती. दक्षिण टोकाचा विल्यम हेन्री किल्ला आदल्या वर्षी, ऑगस्ट १७५७ मध्ये, फ्रेंचांनी जिंकून उद्ध्वस्त केला होता. हिवाळ्यात फौज दक्षिणेला फोर्ट एडवर्ड आणि आल्बनीकडे हटणार, म्हणजे सरोवराच्या काठी होड्यांना राखण कोणाची? सरोवर गोठलं की पाण्याची वाट बर्फाचा हमरस्ता होते. मार्च १७५७ मध्ये फ्रेंच तुकड्या अशाच बर्फावरून चालत आल्या होत्या. त्यांना तेव्हा किल्ला घेता आला नाही, पण काठावर ओढून ठेवलेल्या शेकडो बातो त्यांनी जाळून टाकल्या होत्या. तो धडा ताजा होता. कोकणात पावसाळ्यापूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारतात, तशीच ही हंगामाबाहेरची साठवण, फक्त इथे शाकारायला पाणी वापरायचं होतं. २६० बातो, हॅलिफॅक्स नावाचं एकडोलकाठी जहाज, दोन राडो आणि काही व्हेलबोटी व वल्ह्यांची जहाजं, असं मोठं आरमार ब्रिटिशांनी आपल्या हाताने तळाशी घातलं.

बुडवणं हे काम ऐकायला सोपं वाटतं. लाकडी होडी भोक पाडून पाण्याने भरली तरी तळाला जात नाही. लाकूडच पाण्यापेक्षा हलकं, ती कडेपर्यंत बुडून तरंगत राहते. हिशोब असा. एक घनमीटर पाइनचं लाकूड, थोडं ओलसर धरलं, तर साधारण ६०० किलो भरतं आणि हजार किलो पाणी बाजूला सारतं. म्हणजे ४०० किलोचा उचल देणारा जोर उरतो. तो मोडायला दगड घालायचे, पण दगडही पाण्यात हलका होतो. ग्रॅनाइटसारखा दगड पाण्यात आपल्या वजनाच्या जेमतेम ६३ टक्के भार देतो. तेव्हा लाकडाच्या प्रत्येक घनमीटरमागे निदान ६३५ किलो दगड हवा, आणि तोही फक्त बरोबरी साधायला. खाली जाण्यासाठी त्याहून जास्त. ३० फुटी बातोला हे जमतं. ५२ फुटी राडोला लागणारा ढीगभर दगड माणसांनीच वाहून आणायचा असतो, होडीने नेऊन आत टाकायचा असतो.

त्यात चुका कुठे होतात तेही पाहण्यासारखं आहे. दगड तळभर सारखे पसरले नाहीत तर एक टोक आधी खाली जातं, जहाज तिरपं होतं, मग सगळे दगड त्या टोकाकडे घरंगळतात आणि दुसरं टोक वर उसळतं. दगड बाहेर सांडले तर जहाज पुन्हा वर येतं. ताज्या तोडलेल्या लाकडाचं वजन वाळलेल्यापेक्षा बरंच जास्त असतं, त्यामुळे दगडाचा अंदाज एकाच दिवशी दोन जहाजांना दोन वेगळे लागतात. आणि खोली नीट निवडावी लागते. वरच्या दोन-तीन फुटांत बर्फ धरतो, तिथे ठेवलेली होडी बर्फ हलला की चिरडते. फार उथळ ठेवली तर स्वच्छ पाण्यातून शत्रूला दिसते. आणि फार खोल गेली तर वसंतात आकडे टाकून, दोर लावून ती ओढणार कशी? पाण्याखाली जाऊन दोर बांधणारा पाणबुड्या त्या छावणीत नव्हता.

लँड टॉर्टॉइस पाण्यात उतरवला गेला २० ऑक्टोबरच्या सुमारास आणि २२ ऑक्टोबर १७५८ ला तो बुडवण्यात आला. तरंगण्याचं त्याचं आयुष्य इतकंच. एका प्रयत्नात ते साधलं नाही. पुन्हा खटपट करावी लागली, आणि अखेर तो गेला तो १०७ फूट, म्हणजे सुमारे ३३ मीटर खोलीवर. त्याच्यावर तोफ कधी चढली नाही, लढाई त्याने पाहिली नाही. १७५९ मध्ये जनरल ॲमहर्स्टची फौज आली, तिने पुष्कळ बातो आणि हॅलिफॅक्स वर काढलं, नवा राडो बांधून घेतला आणि जुलैअखेर कॅरिलॉन घेतला. कासव मात्र आकड्यांच्या टप्प्यापलीकडे होतं.

या जहाजाच्या नशिबात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही खोली. उथळ पाण्यातल्या बातोंचं पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. १९६० मध्ये हौशी पाणबुड्यांना काही बातो सापडल्या, तीन वर काढल्या गेल्या, पुढे १९६३-६४ मध्ये ॲडिरॉन्डॅक म्युझियमने रीतसर मोहीम केली. (बातोंच्या शोधासाठी आणलेली बेबी व्हेल नावाची छोटी पिवळी पाणबुडी १९६० मध्ये चोरीला गेली आणि १९९५ मध्ये त्याच सरोवराच्या तळाशी मिळाली.) उथळ जागी नांगर पडतात, हात पोचतात, स्मृतिचिन्ह म्हणून फळी उपटून नेणारे पोचतात. ३३ मीटरवर काळोख आणि गारवा असतो, आणि स्कूबाची टाकी सर्रास मिळेपर्यंत तिथे माणूस गेलाच नाही.

पाण्यानेही साथ दिली. खाऱ्या पाण्यात लाकडाला पोखरणारा किडा लागतो. कोकणातल्या नाखव्याला त्याची ओळख करून द्यायला नको. तो कवच नसल्यासारखा दिसणारा शिंपला लाकडात बोगदे करत जातो आणि काही वर्षांत फळी चाळणीसारखी होते. गोड्या पाण्यात तो जगत नाही. तळाचं तापमान हिवाळ्यात चार अंशांच्या आसपास, उन्हाळ्यातही एक आकडी. प्रकाश नाही म्हणून शेवाळ नाही. कुजवणारे जिवाणू असतात, पण या थंडीत त्यांचं काम फार संथ चालतं. परिणाम असा की भिंती उभ्या आहेत, झरोक्यांच्या कडा सरळ आहेत, आणि कॉबने आपल्या रोजनिशीत दिलेली मापं फीत लावून ताडून पाहता येतात.

सापडलं ते २६ जून १९९० ला. जोसेफ झार्झिन्स्की या शाळाशिक्षकाच्या पुढाकाराने काही स्वयंसेवक बातोंचा शोध घेत होते. गटाचं नावच पुढे बातो बिलो पडलं. हत्यार होतं साइड स्कॅन सोनार. माशाच्या आकाराचं यंत्र दोराने होडीमागे पाण्यात ओढायचं. ते दोन्ही बाजूंना पंख्यासारखे ध्वनीचे झोत सोडतं आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीतून तळाची पट्टी-पट्टी चित्र काढत जातं. लाकूड, दगड, लोखंड यांचा प्रतिध्वनी ठळक. मऊ गाळाचा पुसट. पण जाणकार वस्तूपेक्षा तिच्या सावलीकडे आधी बघतात. उभ्या वस्तूमागे ध्वनी पोचत नाही, तिथे काळी पट्टी उमटते, आणि त्या पट्टीवरून उंची काढता येते. सावलीची लांबी गुणिले यंत्राची तळापासूनची उंची, भागिले यंत्रापासून सावलीच्या टोकापर्यंतचं अंतर. यंत्र तळाच्या सहा मीटर वर असेल, सावली पाच मीटर लांब असेल आणि तिचं टोक तीस मीटरवर असेल, तर वस्तू एक मीटर उंच.

यातही बिघडण्यासारखं पुष्कळ. होडीचा वेग दोन ते चार नॉट ठेवायचा. जास्त झाला की यंत्र वर उचललं जातं आणि सावल्या फसव्या होतात. वळताना वेग पडतो, दोर सैल होतो आणि यंत्र तळावर आपटतं. म्हणून वळण मोठं घ्यायचं आणि त्या वळणाची नोंद बाद धरायची. पट्ट्या एकमेकींवर निम्म्या तरी चढवायच्या, कारण यंत्राच्या बरोबर खालची जागा त्याला दिसत नाही. उन्हाळ्यात वरचं कोमट आणि खालचं गार पाणी यांच्या सीमेवर ध्वनी वाकतो, त्यामुळे यंत्र त्या सीमेच्या खाली ओढलेलं बरं. आणि शेजारून मोटरबोट गेली की तिच्या बुडबुड्यांचे पट्टे चित्रावर उमटतात. त्या दिवशी कागदावर उमटलेल्या आकृतीला सरळ बाजू आणि कोन होते. निसर्ग तळ्याच्या तळाशी असे कोन सहसा करत नाही.

पुढे डी. के. ॲबस या पुरातत्त्वज्ञ बाईंच्या मार्गदर्शनाखाली मोजणी आणि छायाचित्रण झालं. वरवर कंटाळवाणं वाटणारं हे काम मला या सगळ्या गोष्टीचा गाभा वाटतं. एवढं जहाज एका छायाचित्रात कधीच मावत नाही. पाणी कितीही स्वच्छ असलं तरी काही मीटरपलीकडे सगळं धुरकट. मग ठरलेल्या उंचीवरून, कॅमेरा बरोबर खाली रोखून, ओळीने फोटो घ्यायचे आणि प्रत्येक फोटोचा निम्म्याहून जास्त भाग पुढच्यात येऊ द्यायचा. प्रत्येक चौकटीत मोजपट्टी हवी. पोहताना पायाचा एक फटका चुकीचा बसला की गाळ उठतो आणि तो खाली बसेपर्यंत त्या दिवसाचं काम संपतं. फटके घोट्यातून, बेडकासारखे मारायचे, आणि शरीर फळीवर कधी टेकवायचं नाही.

वेळही हाताशी किती थोडा! ३३ मीटरवर दाब वरच्यापेक्षा ४.२ पट. वर मिनिटाला २० लिटर हवा घेणारा माणूस तिथे ८४ लिटर घेतो. ८० घनफुटी ॲल्युमिनियमच्या टाकीत सुमारे २२०० लिटर हवा मावते. कागदावर ती २६ मिनिटं पुरेल. पण एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश संकटासाठी हा नियम धरला तर जाण्याच्या आणि तळच्या कामाच्या वाट्याला नऊ मिनिटंही येत नाहीत. दोन टाक्या लावल्या तर रक्तात साठणाऱ्या नायट्रोजनची मर्यादा आडवी येते. या खोलीवर थांबे न घेता वर यायचं तर तक्ते साधारण १६ ते २० मिनिटं देतात. सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्या आत असल्याने उंचीची दुरुस्ती तेवढी करावी लागत नाही. गार पाण्यात हवा सोडणारी झडप गोठून उघडीच राहण्याचा धोका असतो, कारण दाबातून सुटणारी हवा आणखी थंड होते. म्हणून थंड पाण्यासाठी बनवलेली झडप लागते, आणि ती पाण्याबाहेर तोंडात धरून श्वास घेत बसायचं नाही. ओलावा तिथेच गोठतो. तीस मीटरनंतर नायट्रोजनची गुंगीही चढू लागते, मापं उलटी लिहिली जातात. दोघांनी वेगवेगळं मोजून वर येऊन ताडायचं, ही पद्धत त्यासाठीच.

मग हे जहाज वर का काढत नाहीत, हा प्रश्न येतोच. पाण्यात शतकं घालवलेलं लाकूड बाहेरून धडधाकट दिसतं. आतल्या पेशींच्या भिंतींतला बराच भाग जिवाणूंनी खाल्लेला असतो आणि पेशींचा आकार आतल्या पाण्याने तोलून धरलेला असतो. ते पाणी वाळलं की पेशी मिटतात, फळी आकसते, उभी-आडवी फाटते. हे टाळायला पाण्याच्या जागी पॉलिइथिलीन ग्लायकॉल नावाचा मेणासारखा पदार्थ हळूहळू भरावा लागतो. स्वीडनचं वासा हे जहाज १९६१ मध्ये वर काढलं. त्याच्यावर हा फवारा १७ वर्षं चालला आणि नंतर लाकडात साठलेल्या गंधकाचं आम्ल होऊ लागलं ते निराळंच. जवळचं उदाहरण पाहायचं तर लेक शॅम्प्लेनमध्ये १७७६ साली बुडालेली ५४ फुटी फिलाडेल्फिया ही युद्धनौका १९३५ मध्ये वर निघाली आणि स्मिथसोनियन संग्रहालयात टिकून आहे, पण तिला कायमचं छप्पर आणि सांभाळणारी माणसं मिळाली. १९५८ मध्ये व्हाइटहॉलला वर काढलेल्या तिकोंडेरोगा जहाजाला उघड्या बाजूंची शेड मिळाली, आणि तिथे उरलेला सांगाडा ऋतूमागून ऋतू झिजतो आहे. ज्याच्याकडे पुढच्या पन्नास वर्षांचा पैसा बांधलेला नाही त्याने जहाजाला दोर लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लेक जॉर्जवाल्यांनी तो लावला नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

त्याऐवजी राज्याने १९९३ पासून पाण्याखालची संरक्षित स्थळं सुरू केली. आधी सात बातोंचा एक समूह आणि १९०६ ची फॉरवर्ड ही मोटरबोट, आणि १९९४ मध्ये कासव. १९९८ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. नियम साधे आणि कडक आहेत. उन्हाळ्यातल्या ठरावीक महिन्यांतच जायचं, आधी नोंदणी करायची, खोल पाण्याचा अनुभव हवा. नांगर टाकायचा नाही. तिथे बांधलेल्या बोयाला, म्हणजे तरंगत्या खुणेला, होडी बांधायची. हा बोया मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण एक ओढत गेलेला नांगर अडीच शतकांच्या गाळापेक्षा जास्त नुकसान करतो. भिंतींच्या आत शिरायचं नाही आणि हात लावायचा नाही.

आता धोका आहे तो नखाएवढ्या प्राण्याचा. झेब्रा शिंपला शेजारच्या लेक शॅम्प्लेनमध्ये १९९३ मध्ये आला. तो चिवट धाग्यांनी लाकडाला चिकटतो, एकावर एक थर चढतात, वजनाने झिजलेली फळी निखळते, आणि थराखाली हवा न पोचणाऱ्या जागेत लोखंडी खिळे झपाट्याने गंजतात. लेक जॉर्जमध्ये तो १९९९ च्या डिसेंबरात दिसला. पाणबुड्यांनी हजारो शिंपले हातांनी वेचून काढले. सरोवराच्या पाण्यात चुना कमी, लिटरमागे कॅल्शियम जेमतेम ११-१२ मिलिग्रॅम, आणि त्या पिल्लांना कवच धरायला साधारण २० लागतं, म्हणून वेचण्याला यश आलं. पण काठावर सिमेंटचं काम झालं किंवा गटाराचं पाणी येऊन मिळालं की तेवढ्या कोपऱ्यात चुना वाढतो आणि शिंपल्याला जागा होते. २०१४ पासून सरोवरात उतरणाऱ्या प्रत्येक मोटरबोटीची तपासणी सक्तीची आहे. शंका आली तर ६० अंशांच्या गरम पाण्याने धुतात. पाणबुड्यांनी आपला सूट, बूट आणि हवेचं जाकीट आतून-बाहेरून धुवून निदान पाच दिवस खडखडीत वाळवायचं असतं. जाकिटाच्या आतली पिशवी उलटी धरून पाणी काढायला बरेच जण विसरतात, आणि डोळ्यांना न दिसणारी पिल्लं तिथेच जिवंत राहतात.